निढळाचा घाम आणि कातडीवरचा सेन्सर

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, परळी अशा तालुक्यांतून ट्रॅक्टर भरभरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद 'कोयता' अशी असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे पाच-सहा महिने ऊस तोडायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या आणि फडाच्या आसपास कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं.

त्वचेवर लावायच्या सेन्सरांचा आढावा लिहायचा म्हटल्यावर मला हा फड का आठवावा? या विषयावरच्या लेखांत उदाहरणं येतात ती मॅरेथॉन धावणाऱ्यांची, नाहीतर शहरातल्या मधुमेहींची. घामातलं मीठ मोजणारी पट्टी मुख्यतः खेळाडूंच्या अंगावर तपासली गेली आहे. पण रोज आठ-दहा तास, महिनोन् महिने घाम गाळणारी माणसं आपल्याकडे मैदानावर नसतात, ती फडात असतात. मराठीत 'निढळाचा घाम' म्हणतात. निढळ म्हणजे कपाळ. घाम कपाळावरचा मोजायचा की दंडावरचा, याने आकडा बदलतो, हे पुढे येईलच. तेव्हा हे तंत्रज्ञान कुठवर आलं आहे, त्याबद्दल कोण काय म्हणतं आणि काय अजून सुटलेलं नाही, हे बीडच्या कोयत्याला समोर ठेवून पाहू.

अडतीस किलोंपासून सुरुवात

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख रेडिओवरून पाठवून दाखवला. त्या यंत्राचं वजन सुमारे ३८ किलो होतं आणि ते पाठीवर बांधून फिरावं लागे. आज 'डॉक्टरांनी होल्टर लावायला सांगितलाय' असं आपण सहज म्हणतो तेव्हा त्यात त्यांचंच आडनाव असतं. १९५९ साली गिब्सन आणि कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध सौम्य विजेच्या साह्याने कातडीत घालून घाम काढायची आणि त्यातल्या क्षारांवरून सिस्टिक फायब्रोसिस ओळखायची रीत दिली. घाम ही तपासायची गोष्ट आहे, हे वैद्यकाने त्या रीतीतून स्वीकारलं. १९६२ साली लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना मांडली. साखर मोजणारी आजची बहुतेक यंत्रं या घराण्यातली. १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी कातडीतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं तत्त्व शोधलं.

मराठवाड्यातल्या खेड्यांना या शेवटच्या शोधाची ओळख झाली ती कोविडच्या काळात. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन गेल्या. 'बोटाचं मशीन' हा शब्द तेव्हा घराघरात पोहोचला.

नव्या पर्वाची खूणगाठ मात्र २०११ ची. त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी केसाहूनही पातळ विद्युत्‌मंडल कातडीवर चिकटवून दाखवलं. ते पाण्यात विरघळणाऱ्या कागदावरून, पोरं चॉकलेटबरोबर मिळणारं चित्र हातावर उमटवतात तसं, अंगावर उमटवलं होतं. त्यानंतर या क्षेत्रात शोधनिबंधांचा पूर आला. बाजारात टिकलेली उपकरणं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

कातडी हा अवघड ग्राहक

मूळ अडचण समजली तर पदार्थांची सगळी धडपड समजते. इलेक्ट्रॉनिक्सचा राजा सिलिकॉन. तो कडक आणि ठिसूळ. कातडी त्याच्या तुलनेत काही लाख पटींनी मऊ. ती ताणते, सुरकुतते, घामेजते, केस वाढवते आणि वरचा मृत पेशींचा थर रोज थोडा थोडा झाडून टाकते. हा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, पण शरीरातली वीज आणि रसायनं बाहेर यायला तोच सर्वांत मोठा अडसर. कडक वस्तू मऊ वस्तूवर चिकटवली की हालचालीत दोघांमध्ये फट पडते, आणि फट पडली की आकड्यात खोट येते.

यावर पहिला उपाय भूमितीचा. वस्तूची जाडी दहावा हिस्सा केली तर तिचा वाकायला होणारा विरोध हजारावा हिस्सा होतो. म्हणून सिलिकॉनसुद्धा पुरेसा पातळ केला तर कागदासारखा वळतो. त्यावरच्या सोन्याच्या तारा सरळ न ठेवता नागमोडी ठेवल्या की ताणल्यावर तुटत नाहीत, उलगडतात. रॉजर्स यांच्या गटाने हीच युक्ती वापरली.

दुसरा उपाय पायाच बदलण्याचा. पॉलिइमाइड आणि पीईटीच्या पातळ फिती वाकतात, पण ताणत नाहीत. सिलिकोन रबर ताणतं. त्याचे काही प्रकार तर कातडीइतकेच मऊ असतात. (सिलिकॉन आणि सिलिकोन यांत एका मात्रेचा फरक, पण एक दगड आणि दुसरं रबर. या दोन शब्दांनी मराठी मुद्रितशोधकांना बराच त्रास दिला असणार.) रबर वीज वाहत नाही, म्हणून त्यात वाहक भरावा लागतो: चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, कार्बन, ग्राफीन, पेडॉट-पीएसएस हे वीजवाहक बहुवारिक, किंवा गॅलियम आणि इंडियमचा द्रव धातू. सुमारे तीन भाग गॅलियम आणि एक भाग इंडियम घेतलं तर ते मिश्रण १५-१६ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे आपल्या हवेत पाऱ्यासारखं द्रवच राहतं, आणि रबरातल्या नळीत भरलं तर कितीही ताणा, तार तुटतच नाही.

तिसरा उपाय पायाच काढून टाकण्याचा. २०१७ साली तोक्योच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने विरघळणाऱ्या धाग्यांच्या जाळीवर सोनं चढवलं, ती कातडीवर ठेवून पाणी शिंपडलं. धागे विरघळले आणि सोन्याची जाळी कातडीच्या रेषारेषांत बसली. खाली हवा खेळते, घाम उडून जातो. त्याच वर्षी टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये ग्राफीनचं गोंदण तयार झालं, जाडी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावरचं गोंदण जन्मभर टिकायचं. हे दोन-चार दिवसांचं, पण हृदयाचे ठोके सांगणारं.

आणि या सगळ्यांपेक्षा जुना, स्वस्त, आजही सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे ईसीजीच्या बटणाखालचं चांदी-चांदी क्लोराइड आणि त्यावरचं ओलसर जेल. जेल सुकलं की ते निकामी. तरीही त्याच्याइतका भरवशाचा पर्याय अजून दवाखान्यात रुजलेला नाही. शोधनिबंधांतली चमक आणि वापरातला भरवसा यांत किती अंतर असतं, त्याचं हे उदाहरण.

आपल्या भागातही या पदार्थांवर काम होतं. पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर संशोधन करणारी सी-मेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागात प्रगत सेन्सर तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. म्हणजे बीडपासून काही तासांवर ही जाण उपलब्ध आहे.

टिकलीचा पांढरा डाग

चिकट पदार्थाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण प्रत्यक्षात बहुतेक पट्ट्या इथेच हरतात. सेन्सर कितीही हुशार असो, तो सुटून पडला किंवा खाज आली म्हणून काढून टाकला तर संपलं. अॅक्रिलिक गोंद घट्ट धरतो, पण काढताना कातडी ओरबाडतो. सिलिकोनचा गोंद मऊ, पण घामात लवकर सुटतो.

गोंदाच्या त्रासाचा इतिहास तर आपल्याला घरातच ठाऊक आहे. कपाळावर रोज टिकली लावणाऱ्या अनेक बायकांच्या टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचं कारण टिकलीच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन असल्याचं दाखवून दिलं आहे. पुढे साखर मोजणाऱ्या सेन्सरांच्या बाबतीत असंच काहीसं घडलं. दंडावरच्या एका लोकप्रिय उपकरणाखाली लोकांना पुरळ उठू लागलं आणि २०१७ साली युरोपातल्या डॉक्टरांनी आयसोबॉर्निल अॅक्रिलेट हा घटक दोषी ठरवला. २०२० साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' असा मान दिला.

टिकलीचा विषय निघालाच आहे, तर २०१५ चा 'जीवन बिंदी'चा उपक्रमही आठवावा. नाशिकच्या नीलवसंत वैद्यकीय प्रतिष्ठानाला सोबत घेऊन एका जाहिरात संस्थेने आयोडीन लावलेल्या टिकल्या ग्रामीण भागात वाटल्या. तो सेन्सर नव्हता आणि कातडीतून किती आयोडीन आत जातं याबद्दल शंका घ्यायला जागा होती. पण बाई जे रोज लावतेच, त्यावर स्वार व्हावं ही त्यामागची जाण खरी होती. फडातल्या बाईच्या अंगावर साडी, वरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला फडकं असतं. मनगटावर बांगड्या. उसाच्या पात्याची धार, कुसळं, धूळ, जाळलेल्या फडातली काजळी. पट्टी कुठे लावायची हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही.

कोरड्या खुणा आणि ओल्या खुणा

सेन्सर जे मोजतात त्याचे दोन ढीग करता येतात. कोरड्या खुणा म्हणजे हृदयाचे ठोके, कातडीचं तापमान, हालचाल, श्वास, स्नायूंची वीज. ओल्या खुणा म्हणजे घामातली किंवा पेशींमधल्या द्रवातली रसायनं.

कोरड्या खुणांची बाजू बरीच पक्की झाली आहे. छातीवर चिकटवून दोन आठवडे ईसीजी नोंदवणाऱ्या पट्ट्या दवाखान्यांत रुळल्या. मनगटावरच्या घड्याळांचा मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात चार लाखांहून जास्त लोक होते; अनियमित ठोक्यांचा इशारा मिळाला तो सुमारे अर्ध्या टक्क्याला. पण एक डाग इथेही आहे. घड्याळ आणि ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतात, आणि कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं, की ऑक्सिमीटरने ठीक दाखवलेला पण प्रत्यक्षात घसरलेला ऑक्सिजन काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळला. कोयता धरून घट्टे पडलेल्या सावळ्या हातांना हा प्रश्न परका नाही.

ओल्या खुणांत खरं यश एकच: साखर. आणि तीही घामातली नाही. दंडावरच्या सेन्सरचा केसासारखा बारीक धागा कातडीखाली जातो, पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज विकराच्या साह्याने मोजतो आणि १४ दिवस चालतो. २०१४ पासून युरोपात तो बाजारात आहे, पुढे भारतातही आला. रक्तातला बदल त्या द्रवात उमटायला काही मिनिटं जातात, पण उपचाराला ते चालतं. उलट, कातडीला न टोचता साखर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आपल्याकडे तशी घड्याळं ऑनलाइन दोन हजारांत मिळतात, म्हणून ही नोंद.

घामाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २०१६ साली बर्कलीच्या अली जावी यांच्या गटाने मनगटावरच्या पट्टीत घामातलं ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम एकाच वेळी मोजून दाखवलं, शेजारी तापमानाचा सेन्सर ठेवून. त्याच वर्षी रॉजर्स यांच्या गटाने वीज अजिबात न लागणारी पट्टी केली: केसासारख्या नळ्यांमधून घाम पुढे सरकतो आणि रंग बदलून क्लोराइड, आम्लता वगैरे सांगतो, फोनने फोटो काढला की आकडा. २०२१ मध्ये एका शीतपेय कंपनीने खेळाडूंसाठी अशी पट्टी दुकानात आणली.

अडचण मोजण्यात नाही, अर्थ लावण्यात आहे. घाम जोरात सुटला की त्यातलं सोडियम वाढतं, कारण ग्रंथीच्या नळीला ते परत शोषायला वेळच मिळत नाही. कपाळाचा घाम वेगळा, दंडाचा वेगळा, पाठीचा वेगळा. आणि फडाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उन्हाला सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी असतं. हा सराव एक-दोन आठवड्यांत होतो. म्हणजे हंगामाच्या पहिल्या आठवड्यातला आणि माघातला एकाच बाईचा घाम वेगळा. खेळाडूंवर बसवलेलं गणित तिला जसंच्या तसं लागू होईल असं धरता येत नाही. शिवाय घाम फक्त काय बाहेर गेलं ते सांगतो. आत किती पाणी गेलं ते सांगत नाही.

अंगातली उष्णता बाहेरून कळते का?

उन्हातल्या श्रमाचा खरा धोका शरीराच्या गाभ्याचं तापमान वाढण्यात असतो. दीर्घ कामात ते ३८ अंशांच्या पुढे जाऊ नये, अशी जुनी जागतिक शिफारस आहे. ४० अंशांच्या आसपास उष्माघात. गाभ्याचं तापमान नेमकं मोजायचं तर गिळायची गोळी किंवा गुदद्वारातला तापमापक. फडात दोन्ही अशक्यच. कातडीचं तापमान वारा, ऊन आणि घामाने इतकं हलतं की एकटं ते उपयोगाचं नाही. म्हणून अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी २०१३ साली नुसत्या हृदयगतीवरून गाभ्याचं तापमान काढायची गणिती रीत दिली. तिची चूक साधारण अधिक-उणे ०.६ अंशांत राहते. ऐकायला छान वाटतं, पण सुरक्षित आणि धोकादायक यांच्यातलं अंतरच दीड-दोन अंशांचं आहे. जथ्याला कधी विश्रांती द्यायची हे ठरवायला ही रीत पुरते. 'हिला आत्ता थांबवा' हे सांगायला ती पुरते का, यावर मतभेद आहेत.

या वादाला मूत्रपिंडाची बाजू आहे. मध्य अमेरिकेत, विशेषतः एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ऊसतोड कामगारांत, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार गेली दोन दशकं गाजतो आहे. रोजची उष्णता, कष्ट आणि पाण्याची तूट मिळून मूत्रपिंडाला पुन्हा पुन्हा इजा होते, हे त्याचं एक मुख्य स्पष्टीकरण. कीटकनाशकं आणि इतर कारणांकडेही काही संशोधक बोट दाखवतात. आपल्याकडे आंध्रातल्या उद्दानमचा असाच आजार प्रसिद्ध आहे. एल साल्वादोरच्या तोडणाऱ्यांच्या छातीला हृदयगतीचे पट्टे बांधून त्यांच्यावरचा ताण मोजला गेला आणि काम अतिकष्टाचं असल्याचा निष्कर्ष निघाला. पण तिथे बदल घडवला तो सावलीच्या तंबूने, पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीने, ठरलेल्या विश्रांतीने आणि सुधारलेल्या कोयत्याने. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात असं केल्यावर माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. त्यात इतर कारणांचाही हात असू शकतो, गटही लहान होता. तरी विश्रांती दिली की टन घटतात, हा समज त्याने हलवला.

भारतातही अंगावरची उपकरणं उष्णतेच्या अभ्यासात आली आहेत. अहमदाबादच्या वंजारा वास या वस्तीत छपरांना परावर्तक रंग देऊन रहिवाशांच्या मनगटावर घड्याळं बांधण्यात आली. हृदयगती आणि झोप नोंदवून छपराचा परिणाम तपासायचा, असा गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचा प्रयोग. इथे सेन्सर माणसाला काही सांगत नाही, तो छपराची परीक्षा घेतो. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

कोण काय म्हणतं

सार्वजनिक आरोग्यातल्या एका गटाला या पट्ट्यांचं आकर्षण आहे, आणि त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऊसतोड कामगार सहा महिने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून दूर असतो. शिबिरात एकदा घेतलेला रक्तदाब आणि एकदा काढलेलं हिमोग्लोबिन यांवरून काय कळणार? महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. अशा शरीरावर उन्हातल्या कष्टाचा ताण किती येतो, हे सलग नोंदीशिवाय समजणार नाही, असं ते म्हणतात. स्वस्तात होतं, याचा दाखलाही देतात: बंगळुरूच्या बेम्पू कंपनीने नवजात बाळाच्या मनगटाचं कडं केलं. बाळ गार पडलं की दिवा बदलतो आणि गजर होतो. आईला लिहिता-वाचता यायची गरज नाही. ती बाळाला छातीशी धरते.

दुसरा गट मापनशास्त्राच्या काटेकोर लोकांचा. त्यांचं म्हणणं, आधी ज्या लोकांवर वापरायचं त्यांच्यावर तपासा. दहा-वीस धडधाकट तरुणांवर, वातानुकूलित खोलीत, सायकलवर घेतलेली मापं फडाला लावू नका. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, पण 'वेलनेस' म्हणून विकलेलं घड्याळ त्यातून निसटू शकतं.

तिसरं मत श्रमिक-आरोग्यवाल्यांचं. उष्णता माणसागणिक कशाला मोजायची? फडाच्या कडेला हवेचं तापमान, आर्द्रता आणि ऊन एकत्र मोजणारा एक काळा गोळा आणि ओला तापमापक ठेवा. तो सगळ्या टोळीसाठी पुरतो. धोका मुळाशी कमी करायचा, माणसाच्या अंगावर उपकरण चढवणं सर्वांत शेवटी, हा या शास्त्राचा जुना क्रम आहे.

चौथा आवाज कामगार संघटनांचा, आणि तो सर्वांत साशंक. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं दिली तेव्हा तो हजेरीचा उपाय होता. कामगारांना तो पाळतीचा पट्टा वाटला. ऊसतोडीत तर आधीच उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अंगावरची पट्टी 'ही बाई दुपारी मंदावते' असं सांगायला लागली, तर पुढच्या हंगामात तिला उचल मिळेल का?

या शंकेमागे बीडचाच एक कटू अनुभव आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सुमारे १७ टक्के. पोटदुखी, पाळीचा त्रास, सोनोग्राफी, 'कॅन्सर होईल' ही भीती, खाडा टाळायची निकड, आणि शेवटी 'पिशवी काढली'. त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. तपासणीचं यंत्र तिथेही होतंच. कामाची रीत तशीच राहिली आणि शरीरात बदल केला गेला. सेन्सरने असंच काही होऊ नये, हे म्हणणं अडाणी विरोधाचं नाही.

कायद्यात याचं उत्तर अर्धवट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त संरक्षित दर्जा नाही. शिवाय नोकरीच्या काही कारणांसाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरता येते. इथे मालक कोण? साखर कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो वाहतूकदार, आणि कामगाराकडे करारपत्रही नसतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. फडातल्या विदेचा धनी कोण, हा प्रश्न त्यांत थेट येत नाही.

जे उरलं आहे

पदार्थांच्या बाजूने पाहिलं तर आठवडाभर घामात टिकणारा, कातडीला न बाधणारा आणि काही रुपयांत छापता येणारा पाया अजून हवा आहे. घामातल्या एकाही घटकावरून मूत्रपिंडाची इजा वेळेत ओळखता येईल, असं ठामपणे म्हणता येत नाही; त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिनच लागतं. वापरून फेकलेल्या पट्टीतल्या छोट्या बॅटऱ्या फडाच्या बांधावर पडणार, हेही आहेच.

पण बेम्पूच्या कड्याशी तुलना केली की मला वेगळीच अडचण मोठी वाटते. तिथे गजर झाला की करायची कृती आईच्या हातात असते. फडात दुपारी एकला पट्टी थरथरली, तर बाई बसेल कशी? मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला, पण हिशेब टनाचाच राहिला. बसलेल्या पंधरा मिनिटांचा त्यात रकाना नाही. म्हणून वंजारा वाससारखा वापर, म्हणजे बाईची नव्हे तर कामाच्या रीतीची परीक्षा घेणारा, मला जास्त पटतो: तंबू लावलेल्या आणि न लावलेल्या फडांची तुलना, पहाटे तोड आणि दुपारी तोड यांची तुलना, नावं पुसून.

आणि सुरुवात नव्या पदार्थाने करायचीही गरज नाही. हालचाल मोजणारा सिलिकॉनचा छोटा तुकडा पूर्ण बंद डबीत बसतो, घामाला घाबरत नाही, कातडीच्या रंगाने फसत नाही, महिनोन् महिने एका बॅटरीवर चालतो. त्यावरून झोप मोजायची रीत १९७० च्या दशकापासून आहे. कोपीतली बाई पहाटे चारला भाकरी थापायला उठते. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. रात्री दोनला आली, तर मोळ्या रात्री दोनला भरायच्या. या दोन वेळांच्या मध्ये ती किती झोपते, हे त्या डबीला सांगता येईल.